डोक्यात घोळणारे गाणे

(नको असताना एखादे गाणे पुन्हापुन्हा आठवत राहणे, हा अनुभव बहुतेकांना येतो. असे का होते, त्याची लाज वाटावी का आणि मनाच्या या सवयीचा अभ्यासासाठी काही उपयोग करून घेता येईल का, याविषयीचे आपले मत लेखकाने या पाठात मांडले आहे. लेखक उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतात.)

मराठीचा तास संपला. मुले वर्गाबाहेर पडली. आठवीतला एक मुलगा मात्र दप्तर भरण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळला. वर्ग रिकामा झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचार की," मी म्हणालो.

"सर, आमच्या शेजारी लग्न होते. तीन दिवस डीजे वाजत होता. त्यातले एक गाणे माझ्या डोक्यात बसले आहे. अभ्यासाला बसलो की तेच. जेवताना तेच. नमाजला उभा राहिलो तरी तेच. मी त्याला खूप हाकलतो, पण ते जात नाही. सर, माझे मन खराब झाले आहे का?"

मला हसू आले नाही. त्याच्या डोळ्यांत खरी काळजी होती. हा प्रश्न त्याने कितीतरी दिवस मनात ठेवला असावा. "नाही बेटा, तुझे मन चांगले आहे. हे सगळ्यांनाच होते," एवढेच मी त्या वेळी म्हणालो. पुढच्या तासाची घंटा झाली आणि तो गेला. पण एवढ्या उत्तराने त्याचे समाधान झाले नसणार. हा लेख म्हणजे त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. वर्गात असाच प्रश्न मनात ठेवून बसलेले आणखी कोणी असेल, तर त्यानेही तो वाचावा.

पहिली गोष्ट अशी की, हा अनुभव फार जुना आणि सर्वांचा आहे. आपल्या भाषाच त्याची साक्ष देतात. मराठीत आपण म्हणतो, 'गाणे डोक्यात घोळते', 'ओठांवर रुळते', 'कानांत घुमते'. एखादा माणूस तेच तेच बोलू लागला, की 'त्याने पालुपद लावले' असे म्हणतात. पालुपद म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारी ओळ. मनात एखादा विचार सारखा येत राहिला, तर 'डोक्यात किडा वळवळतो' असेही म्हणतात. गंमत अशी की, जर्मन भाषेत अशा गाण्याला 'ओरवुर्म' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ आहे 'कानातला किडा'! हजारो मैल दूर राहणाऱ्या लोकांनाही तोच किडा आठवला.

फिनलंडमधील संशोधक लासी लिक्कानेन यांनी बारा हजारांहून अधिक लोकांना याविषयी प्रश्न विचारले. २०१२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान एकदा तरी आपल्या डोक्यात गाणे अडकते, असे दहापैकी सुमारे नऊ जणांनी सांगितले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाचा असाच हिशेब केला, तर छत्तीस मुले या एकाच नावेत बसलेली निघतील. मग एकट्याने लाज का वाटून घ्यावी?

माझाच अनुभव सांगतो. मी नांदेडला नोकरी करतो आणि माझे घर लातूरला आहे. त्यामुळे एस.टी.चा प्रवास ठरलेला. एकदा लोह्याच्या स्थानकावर गाडी थांबली. बाहेर चहाच्या टपरीवर एक गाणे चालू होते. कंडक्टरने घंटी दिली, गाडी निघाली आणि गाणे अर्धेच राहिले. पुढे अहमदपूर गेले, चाकूर गेले. लातूरला उतरून गंजगोलाईच्या गर्दीतून पायी चालू लागलो, तरी तीच एक ओळ डोक्यात फिरत होती. खरे सांगायचे तर ते गाणे मला आवडतही नव्हते.

कंडक्टरवरून एक गोष्ट आठवली. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८७६ मध्ये एक विनोदी कथा लिहिली. ट्रामचा कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो, त्यावरच्या काही ओळी कथेच्या नायकाला वर्तमानपत्रात वाचायला मिळतात. त्या ओळी त्याच्या डोक्यात अशा बसतात, की त्याला ना लिहिता येते, ना झोपता येते. शेवटी तो त्या ओळी आपल्या पाद्री मित्राला ऐकवतो. त्याबरोबर नायक मोकळा होतो आणि मित्र अडकतो! तेव्हा रेडिओ नव्हता, मोबाइल नव्हता, डीजे नव्हता. छापील कागदावरच्या चार यमकांनी एवढा गोंधळ घातला. तेव्हा सगळा दोष मोबाइलला देऊन चालणार नाही. मन मुळातच असे बनलेले आहे.

मग गाणे अडकते तरी का? पहिले कारण पुनरावृत्ती. तुम्ही उर्दू शाळेत गझल शिकता. गझलेच्या शेरांत रदीफ तीच राहते आणि तिच्या आधी काफिया येतो. शेर सुरू झाला, की शेवट कसा होणार हे कान आधीच ओळखतो आणि त्याची वाट पाहतो. कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकलेल्यांना माहीत असेल, की कव्वाल एकच ओळ कितीतरी वेळा घोळवतो. भजनात ध्रुवपद असते, पोवाड्यात आणि लोकगीतात पालुपद असते. सकाळी गल्लीत येणारी कचऱ्याची घंटागाडीसुद्धा रोज तेच गाणे वाजवते. जे पुन्हापुन्हा येते, त्याच्यासाठी मन आपोआप जागा करून ठेवते.

दुसरे कारण गाण्याच्या घडणीत आहे. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या केली याकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन हजार लोकांकडून अशा गाण्यांची नावे गोळा केली. त्यांना असे दिसले, की अडकणारी गाणी बहुधा जलद लयीची असतात. त्यांची चाल सोपी, ओळखीच्या वळणाची असते. पण तिच्यात कुठेतरी एखादी अनपेक्षित उडी किंवा पुनरावृत्ती असते. ओळखीचे वळण असल्यामुळे गाणे मनात शिरते आणि त्या उडीमुळे ते लक्षात राहते. २०१६ मध्ये 'सैराट' चित्रपट आला, तेव्हा अजय-अतुल यांच्या 'झिंगाट' या गाण्याने सारा महाराष्ट्र असाच पकडला होता. पुढे २०१८ मध्ये हिंदी 'धडक' चित्रपटात तीच चाल हिंदी शब्दांसह आली. शब्द बदलले, तरी चालीची पकड कायम राहिली.

तिसरे कारण अपुरेपण. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये काही प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना छोटी छोटी कामे दिली. काही कामे पूर्ण होऊ दिली, काही मध्येच थांबवली. नंतर विचारले, तेव्हा लोकांना अपुरी कामे अधिक आठवली. लोह्याच्या टपरीवरचे अर्धे गाणे माझा पाठलाग का करत होते, याचे एक उत्तर यात असू शकते. गाण्याच्या बाबतीत हे कारण सर्व संशोधकांना मान्य नाही. पण आपल्याला बहुधा पूर्ण गाणे येत नसते, एकच तुकडा येत असतो आणि तो तुकडाच गोल फिरत राहतो, हे तुम्ही स्वतःच तपासून पाहू शकता.

आता त्या मुलाच्या काळजीकडे वळू. तो म्हणाला होता, "मी त्याला खूप हाकलतो." नेमकी इथेच चूक होते. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितले, "पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. विचार आलाच, तर घंटी वाजवा." घंटी पुन्हापुन्हा वाजत राहिली! ज्याला दाराबाहेर ढकलायचे, तो गेला की नाही हे पाहायला आपण दार उघडतो आणि तो पुन्हा आत येतो. मनाचेही तसेच आहे.

म्हणून माझे त्याला सांगणे असे : गाण्याशी भांडू नकोस. आले तर येऊ दे, आणि आपले लक्ष शांतपणे आपल्या कामाकडे वळव. धर्माच्या अंगाने काही शंका असेल, तर ती वडीलधाऱ्यांना किंवा आलिमांना विचार. तो माझा अधिकार नाही. पण मन कसे चालते एवढे मी सांगू शकतो. जे आपण बोलावले नाही, ते आपण होऊन केलेले कृत्य नसते. गाणे ऐकावे की ऐकू नये, याविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. मात्र लाउडस्पीकर कोणाचे मत विचारत नाही. तो सर्वांच्याच कानांत शिरतो. त्याचे ओझे मुलाने आपल्या डोक्यावर घेऊ नये.

काही साधे उपायही आहेत. एक म्हणजे, अडकलेले गाणे एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात पूर्ण करून पाहावे. दुसरा उपाय अमेरिकेतील आयरा हायमन यांच्या २०१३ च्या अभ्यासातून सुचतो. त्यांना असे आढळले, की काम फार सोपे असेल तर मन भटकते आणि गाणे परत येते. काम फार अवघड असेल तरी मन कंटाळून पुन्हा गाण्याकडेच पळते. म्हणून मन गुंतेल, पण थकणार नाही, असे काम घ्यावे. शब्दकोडे सोडवावे, एखादा धडा मोठ्याने वाचावा. तिसरा उपाय ऐकून तुम्ही हसाल. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात २०१५ मध्ये असे दिसले, की च्युइंगगम चघळल्याने गाणे कमी आठवते. मनात गातानाही आपण जणू आतल्या आत जीभ हलवत असतो. जबडा दुसऱ्या कामाला लागला, की ते गाणे अडखळते. पण म्हणून माझ्या तासाला कोणी च्युइंगगम चघळू नये! कोणतेही विचार झोप, जेवण आणि अभ्यास बिघडवण्याइतके त्रास देऊ लागले, तर मात्र घरी सांगावे आणि डॉक्टरांना भेटावे.

इथपर्यंत काळजीचे उत्तर झाले. पण मला याच्या पुढचे काही सांगायचे आहे.

पालक सभेत एक तक्रार नेहमी ऐकू येते, "सर, याच्या डोक्यात गाणी बसतात, म्हणून अभ्यास बसत नाही." मला हे पटत नाही. डोके म्हणजे काही लहानशी पेटी नव्हे, की गाणी भरली म्हणून पुस्तकाला जागा उरली नाही. उलट मी म्हणतो, ज्याच्या डोक्यात न शिकवता संपूर्ण गाणे बसते, त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे. 'मला पाठ होत नाही' असे म्हणण्याचा हक्क त्याने गमावला आहे!

आमच्या वर्गातच पाहा. 'सर, मराठी जमत नाही' असे म्हणणारी मुले स्नेहसंमेलनात मराठी गाणे न अडखळता म्हणतात. धडा वाचताना 'बाळ'चे 'बाल' आणि 'शाळा'चे 'शाला' करणारी जीभ गाण्यात मात्र 'ळ' बरोबर उच्चारते. हा चमत्कार कोणी केला? कोणत्याही शिक्षकाने नाही. कानाने शंभर वेळा ऐकले आणि जिभेने शंभर वेळा म्हटले, एवढेच.

आपल्या पूर्वजांना हे गुपित चांगले माहीत होते. अमीर खुसरो यांच्या नावावर सांगितली जाणारी 'खालिक बारी' तुम्ही ऐकली असेल. ती खुसरोंचीच आहे का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण मकतबांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तिच्यातून फारसी शब्द आणि त्यांचे हिंदवी अर्थ पाठ केले. मिर्झा गालिब यांनीही मुलांसाठी 'कादिरनामा' हा असाच पद्यातला शब्दकोश लिहिला. म्हणजे दुसरी भाषा शिकण्यासाठी यमकाचा आणि लयीचा उपयोग करणे ही आपल्याच घरातली रीत आहे.

आपल्या दख्खनच्या मातीत तर हे गुपित जात्याभोवती फिरत होते. मराठी बायका पहाटे दळताना ओव्या गात. दखनी बोलणाऱ्या मुसलमान घरांतही दळताना गाणी म्हटली जात. दख्खनच्या सूफी परंपरेत त्यांना 'चक्कीनामा' म्हणतात. जाते फिरायचे, ओळ परत यायची, आणि ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिच्याही मनात अल्लाहचे, पैगंबरांचे आणि पीर-मुर्शिदांचे स्मरण राहायचे. ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्याच मराठवाड्यातील माजलगाव येथे १९९६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. या लाखभर ओव्या कोणत्याही वहीत नव्हत्या. त्या बायकांच्या डोक्यात घोळत होत्या, म्हणून टिकल्या. जी गोष्ट त्या मुलाला आजार वाटली, तिनेच एवढे मोठे धन सांभाळले.

कुरआन हिफ्ज करणारी मुले तुमच्या मोहल्ल्यात असतील. तिलावत म्हणजे गाणे नव्हे, तिचा मान वेगळा आहे. पण त्या मुलांची शिस्त पाहण्यासारखी असते. नवा सबक घेतला, तरी जुना रोज ऐकवावा लागतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून हेच दाखवले, की एका दिवशी एकदम रटण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत वाटून केली, तर ती कमी कष्टात लक्षात राहते. प्रसिद्ध 'लातूर पॅटर्न'चे नाव तुम्ही ऐकले आहे. त्याच्या यशातही वारंवार सराव आणि वारंवार चाचणी यांचाच मोठा वाटा आहे.

मात्र इथे एक सावधगिरीची गोष्ट आहे. गाणे डोक्यात बसले म्हणजे समजले असे नाही. मी एकदा वर्गात एका मुलीला तिच्या आवडत्या मराठी गाण्याचा अर्थ विचारला. गाणे तिला तोंडपाठ होते, पण अर्थ एका ओळीचाही सांगता आला नाही. पोपटही पाठ करतो. लय हे घराचे दार आहे. दारातून आत गेले पाहिजे, शब्द उचलून पाहिला पाहिजे, त्याचा अर्थ विचारला पाहिजे, तो आपल्या वाक्यात वापरला पाहिजे. नुसती घोकंपट्टी परीक्षेपर्यंत साथ देते. समजून केलेले पाठांतर जन्मभर साथ देते.

आणखी एक. आपल्या कानांत काय बसावे हे दुसरे लोक फार विचारपूर्वक ठरवत असतात. जाहिरात करणारा आपल्या साबणाचे नाव चार सुरांत बसवतो आणि दिवसातून अनेकदा ऐकवतो. आपण दुकानात जातो, तेव्हा तेच नाव तोंडातून निघते. तो आपल्या स्मरणशक्तीचा इतका चांगला उपयोग करतो, मग आपणच तिचा उपयोग का करू नये? जे डोक्यात घोळावे असे वाटते, ते आपणही रोज थोडे थोडे, मोठ्याने आणि लयीत म्हणावे. पाढे म्हणावेत, कविता म्हणाव्यात, मराठीतील म्हणी म्हणाव्यात.

काही दिवसांनी तोच मुलगा पुन्हा भेटला. मी विचारले, "काय रे, तुझ्या गाण्याचे काय झाले?"

तो हसून म्हणाला, "सर, ते कधी गेले, कळलेच नाही. पण आता तुम्ही शिकवलेली मराठी कविता डोक्यात बसली आहे!"

"मग तिचा अर्थ सांग पाहू," मी म्हणालो.

तो अडखळत, पण स्वतःच्या मराठीत सांगू लागला. दोन ठिकाणी तो चुकला, मी त्याला थांबवले नाही. जाताना मात्र तीच कविता गुणगुणत तो व्हरांड्यातून गेला, आणि त्या गुणगुणण्यात 'ळ' अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

शब्दार्थ

रेंगाळणे – उगाच मागे थांबून राहणे
पालुपद, ध्रुवपद – गाण्यात पुन्हापुन्हा येणारी ओळ
पुनरावृत्ती – तीच गोष्ट पुन्हा होणे
यमक – ओळींच्या शेवटी येणारे सारखे उच्चार, काफिया
जाते – धान्य दळण्याची दगडी चक्की
ओवी – दळताना म्हणायचे पारंपरिक गीत
घोकंपट्टी – अर्थ न समजता केलेले पाठांतर
गुणगुणणे – हळू आवाजात गाणे

स्वाध्याय

१. मुलाला कोणती काळजी वाटत होती? लेखकाने त्याला काय सल्ला दिला?
२. गाणे डोक्यात अडकण्याची तीन कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'लय हे घराचे दार आहे' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. 'गाण्यांमुळे अभ्यास डोक्यात बसत नाही' हे मत तुम्हांला पटते का? सकारण लिहा.
५. तुमच्या आजीला किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध स्त्रीला दळताना म्हणायची गाणी येतात का, ते विचारा. येत असल्यास एक गाणे ऐकून त्याचा अर्थ मराठीत लिहा.